थिनरच्या वाफा आणि मज्जासंस्था: छोट्या कारखान्यात धोका कसा ओळखावा आणि कसा रोखावा

पेंट शॉपच्या सुपरवायझरला ‘थिनरचा त्रास तुमच्याकडे सर्वांत जास्त कोणाला होतो’ असे विचारले, तर तो बहुधा बूथमध्ये फवारणी करणाऱ्याकडे बोट दाखवतो. बूथला पंखा असतो, फवारणी करणाऱ्याला मास्क दिलेला असतो आणि ऑडिटला आलेला माणूसही तिथेच थांबतो. रंग फवारण्याची गन धुणारा मदतनीस, रंग कालवणारा, फवारणीआधी पार्ट पुसणारा आणि पाळी संपल्यावर थिनरमध्ये हात बुडवून रंग काढणारा कामगार या हिशेबात कुठेच नसतो. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवड येथील छोट्या कारखान्यांत द्रावकांमुळे, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या रसायनांमुळे, मज्जासंस्थेला होणारी इजा रोखायची असेल, तर सुरुवात या बिननोंदीच्या कामांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा ते पन्नास माणसांच्या कारखान्याचा मालक, तिथला सुपरवायझर आणि स्वतः कामगार यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. मात्र गॅरेज, स्क्रीन प्रिंटिंग, फर्निचर पॉलिश आणि चपला-बूट चिकटवण्याच्या कामालाही यातील बहुतेक सर्व लागू पडते.

द्रावक शरीरात गेल्यावर काय करते

रंग, ग्रीस, गोंद यांना विरघळवणारी ही रसायने स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतात, आणि मेंदू व मज्जातंतूंची आवरणे स्निग्ध पदार्थांनी समृद्ध असतात. श्वासावाटे आत गेलेली वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, प्यायल्यासारखी झिंग, बोलण्यात किंवा चालण्यात ढिलेपणा हा पहिला परिणाम असतो. ही मेंदूला आलेली गुंगीच असते. ग्रीस काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन एके काळी शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठीही वापरले जात असे. मोकळ्या हवेत गेल्यावर ही गुंगी उतरते, आणि उतरते म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

दुसरा परिणाम वर्षानुवर्षांच्या संपर्काने हळूहळू घडतो. स्कॅंडिनेव्हियातील रंगाऱ्यांमध्ये १९७० च्या दशकापासून याचा अभ्यास होत आला, आणि १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्याच्या पायऱ्या ठरवण्यात आल्या. पहिल्या पायरीवर थकवा, चिडचिड, विसराळूपणा, कामात लक्ष न लागणे अशा केवळ तक्रारी असतात आणि संपर्क थांबल्यास त्या सहसा जातात. पुढच्या पायरीवर स्वभावातील बदल टिकून राहतो, किंवा स्मरणशक्ती व एकाग्रता घटल्याचे चाचण्यांत दिसू लागते. येथून पूर्ववत होण्याची खात्री राहत नाही. शेवटची पायरी बुद्धिभ्रंशाची असून ती विरळ आहे. पहिल्या पायरीवरचा माणूस डॉक्टरांकडे जात नाही. ‘हल्ली फार तापट झालेत’ हे त्याच्या पत्नीला आधी कळते, आणि तिला विचारायला कोणी जात नाही.

तिसरा परिणाम हातापायांच्या नसांवर होतो आणि त्यातील प्रमुख गुन्हेगार एन-हेक्झेन हे क्लीनर व गोंदांत आढळणारे द्रावक आहे. शरीरात त्याचे २,५-हेक्झेनडायोन तयार होते, ते मज्जातंतूंमधील सूक्ष्म धाग्यांच्या प्रथिनांना जखडते, तंतू जागोजागी फुगतात आणि टोकाकडून मरत येतात. सर्वांत लांब नसा आधी बाधतात, त्यामुळे सुरुवात पायाच्या बोटांतील बधिरपणाने आणि मुंग्यांनी होते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, मग जिना चढताना पाऊल अडखळते, आणि पुढे हाताची बोटे बटण लावताना किंवा छोटा स्क्रू उचलताना चुकू लागतात. मेथिल एथिल कीटोन किंवा ॲसिटोन सोबत असल्यास हेक्झेनचा हा परिणाम वाढतो, आणि अनेक क्लीनरांमध्ये व चिकटवण्याच्या ‘सोल्यूशन’मध्ये नेमका असाच संयोग असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९९९-२००० मध्ये मोटार दुरुस्ती करणाऱ्यांना ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्यातून, आणि चीनमधील सूझोऊ येथे २००९ मध्ये फोनचे पडदे पुसणाऱ्या शंभराहून अधिक कामगारांना हाच आजार झाला. दोन्ही ठिकाणी काम साफ करण्या-पुसण्याचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याखेरीज मेथॅनॉल डोळ्याच्या नसेला, कार्बन डायसल्फाइड मेंदूला व नसांनाही, तर ट्रायक्लोरोएथिलीन चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेला इजा करू शकते. टोल्यूइन आणि स्टायरीन यांचा संपर्क मोठ्या आवाजाच्या जागी होत असेल, तर एकट्या आवाजाने होईल त्यापेक्षा कानांचे नुकसान अधिक होते. प्रेस शॉपला लागून पेंट शॉप असणाऱ्यांनी याची खास नोंद घ्यावी.

डब्यात काय आहे हे शोधणे

प्रत्येक द्रावकासाठी पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमएसडीएस’, मागून घ्यावे. आताच्या पद्धतीनुसार त्यात १६ विभाग असतात. त्यांपैकी तिसरा विभाग घटकांचा, आठवा संपर्काच्या मर्यादांचा व संरक्षक साधनांचा आणि अकरावा विषारीपणाचा असतो, व हे तीन वाचले तरी पुष्कळ काम होते. घटकांच्या यादीत नावापेक्षा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, पाहावा, कारण नावे फसवी असतात: एन-हेक्झेनचा क्रमांक ११०-५४-३, टोल्यूइनचा १०८-८८-३, झायलीनचा १३३०-२०-७, मेथॅनॉलचा ६७-५६-१ आणि ट्रायक्लोरोएथिलीनचा ७९-०१-६ असा आहे. धोक्याच्या विधानांत एच ३३६ म्हणजे गुंगी किंवा चक्कर आणि एच ३७२ किंवा एच ३७३ म्हणजे दीर्घ संपर्काने अवयवांना इजा.

अडचण सुट्या मालाची आहे. ‘लोकल थिनर’ जुन्या कॅनमध्ये, लेबलाविना, दर लिटरच्या भावाने मिळते आणि आज आणलेला माल मागच्या महिन्यासारखाच असेल याची शाश्वती नसते. त्यात स्वस्त म्हणून मेथॅनॉल मिसळलेले असू शकते. माहितीपत्रक देऊ न शकणाऱ्याकडून द्रावक घेऊ नये. लिटरमागे वाचलेले पैसे येथे कामगाराच्या डोळ्यांतून आणि नसांतून वसूल होतात. ‘फूड ग्रेड हेक्झेन’ या नावानेही पुष्कळांचा गैरसमज होतो. खाद्यतेल काढण्यासाठी लागणाऱ्या शुद्धतेचा तो दर्जा आहे. तो हुंगण्यास निर्धोक असल्याचा दाखला नव्हे. एसबीपी स्पिरिट, रबर सॉल्व्हंट, पेट्रोलियम ईथर या नावांखालीही हेक्झेन असू शकते.

एक पाळी नुसती पाहणे

हवेतील वाफ मोजणारा मीटर भाड्याने आणण्याआधी वही घेऊन एक संपूर्ण पाळी पाहावी. द्रावकाचा डबा कोण उघडतो, तो किती वेळ उघडा राहतो, ओतताना तोंड किती जवळ असते, भिजलेले कॉटन वेस्ट कुठे पडते, हे वेळेसह लिहावे. गन धुण्याचे काम बहुतेक ठिकाणी असे चालते: मदतनीस उकिडवा बसतो, अर्धा कापलेला प्लास्टिकचा कॅन दोन पायांत धरतो, त्यात थिनर ओततो, नोझल आणि सुई सुटी करून ब्रशने घासतो आणि शेवटी उरलेले थिनर गनमध्ये भरून भिंतीच्या दिशेने हवेत उडवतो. त्याचे नाक द्रवापासून हातभर अंतरावर असते. टोल्यूइन, झायलीन, हेक्झेन यांच्या वाफा हवेपेक्षा सुमारे तीन ते पावणेचार पट जड असल्याने त्या जमिनीलगत साचतात, म्हणजे उकिडवा बसलेला माणूस नेमका त्यांच्या थरात बसलेला असतो. रोजची ही काही मिनिटे कोणत्याही कामाच्या तक्त्यावर नसतात.

वासावर विसंबणे ही यातील सर्वांत रुळलेली सवय आहे. ‘आता वास येत नाही, सवय झाली’ हे वाक्य प्रत्येक पेंट शॉपमध्ये ऐकू येते. नाक काही वेळाने थकते, हवेतील वाफ तेवढीच राहते.

हवा कोणत्या दिशेने वाहते हे पाहण्यासाठी टिश्यू पेपरची बारीक पट्टी किंवा लोकरीचा धागा काठीला बांधून डब्यापाशी, टेबलाच्या कडेला आणि जमिनीलगत धरावा. धूर दिसतो म्हणून उदबत्ती वापरण्याची युक्ती काही जण सुचवतात. ज्या खोलीत द्रावक आहे तेथे ती कदापि करू नये. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतानाही उदबत्ती आणि निरांजन थिनरच्या खोलीपासून दूर ठेवावे. पट्टी कामगाराच्या पाठीकडून टेबलाकडे आणि तेथून पंख्याकडे झुकली तर ठीक. ती टेबलाकडून त्याच्या चेहऱ्याकडे झुकत असेल, तर बसण्याची जागा आजच बदलावी. त्यासाठी खर्च शून्य आहे. छताचा पंखा वाफा बाहेर टाकत नाही, खोलीभर ढवळतो. आणि भिंतीच्या वरच्या टोकाला लावलेला एक्झॉस्ट पंखा साचलेली जड वाफ कामगाराच्या नाकासमोरून वर खेचतो.

रोखण्याचा क्रम

मास्क हा शेवटचा उपाय आहे. छोट्या कारखान्यात मात्र तोच पहिला आणि एकमेव असतो, कारण तो विकत घेऊन फोटो काढता येतो.

सर्वप्रथम द्रावक बदलता येते का ते पाहावे. ग्रीस काढण्याची पुष्कळ कामे पाण्यात मिसळणाऱ्या अल्कलीयुक्त क्लीनरने आणि कोमट पाण्याने होतात. हेक्झेनच्या जागी हेप्टेन चालत असेल, तर नसांच्या दृष्टीने तो बदल मोठा आहे, कारण हेप्टेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होत नाही. वाळण्यास थोडा अधिक वेळ लागतो, तेवढे वेळापत्रक सैल करावे. हेप्टेनही गुंगी आणते आणि पेट घेते, हे विसरू नये. हेक्झेन टाळणे शक्यच नसेल, तर निदान त्यासोबत मेथिल एथिल कीटोन किंवा ॲसिटोन असलेले मिश्रण घेऊ नये.

त्यानंतर वाफ तयार होण्याचे प्रमाण कमी करावे. पुसण्यासाठी उघड्या बादलीऐवजी दाबल्यावर थोडेच द्रावक वर येणारा प्लंजर कॅन वापरावा. भिजलेले वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावे आणि तो डबा रोज रिकामा करावा. गन धुण्यासाठी बंदिस्त वॉशर मिळतो. तो परवडत नसेल, तर खाली ओढणारा एक्झॉस्ट असलेल्या टेबलावर, उभ्याने, झाकणाच्या डब्यात गन धुवावी, आणि धुतलेले थिनर हवेत उडवण्याऐवजी परत कॅनमध्ये सोडावे. हा एक बदल मी जिथे जिथे सुचवतो तिथे पहिला आक्षेप ‘वेळ जातो’ असा येतो, आणि आठवड्याभरात थिनरचा खप कमी झाल्याचे मालकाच्याच लक्षात येते.

वाफ जिथे निघते तिथेच ती खेचून घेणारी व्यवस्था, म्हणजे हूड आणि डक्ट, हा पुढचा टप्पा. हूडचे तोंड कामाच्या मागे किंवा खाली असावे. डोक्यावर टांगलेले हूड स्वयंपाकघराला शोभते, येथे ते वाफ नाकावरून नेते. पंखा व मोटर ज्वलनशील वाफेस योग्य अशा, ठिणगी न पाडणाऱ्या प्रकारची असली पाहिजे.

मास्कबाबत एवढेच सांगणे पुरे की कापडी मास्क, सर्जिकल मास्क आणि एन-९५ हे तिन्ही धूळ किंवा थेंब अडवतात. वाफ त्यांतून सरळ आत जाते. सेंद्रिय वाफेसाठीच्या काडतुसाचा, म्हणजे वाफ शोषणाऱ्या बदलत्या डबीचा, रबरी अर्धमुखवटा लागतो. त्याच्या काडतुसाचे आयुष्य उघडल्या क्षणापासून मोजावे, बदलण्याची तारीख त्यावर मार्करने लिहावी आणि पाळी संपल्यावर तो हवाबंद पिशवीत ठेवावा. थिनरच्या खोलीत खिळ्याला टांगलेले काडतूस रात्रभर वाफ शोषत राहते. दाढी असलेल्या चेहऱ्यावर हा मुखवटा नीट बसत नाही. मेथॅनॉल आणि मेथिलीन क्लोराइड यांच्यासाठी साधी सेंद्रिय काडतुसे पुरत नाहीत, तेथे बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा.

हातमोज्यांतही गल्लत होते. लॅटेक्सचे पातळ मोजे द्रावकांपुढे जवळजवळ निरुपयोगी आहेत. नायट्राइल हेक्झेनला बऱ्यापैकी टिकते, पण ॲसिटोन व मेथिल एथिल कीटोनपुढे लवकर हार मानते. त्यांच्यासाठी ब्यूटाइल रबर लागते. टोल्यूइन आणि झायलीन त्वचेतूनही शरीरात जातात, म्हणून थिनरने हात धुणे बंद झालेच पाहिजे. बेसिनपाशी खोबरेल किंवा कोणतेही साधे तेल, जुने कापड आणि साबण ठेवावा: आधी तेल चोळून रंग सैल करावा, पुसावा, मग साबण लावावा. थिनरची बाटली बेसिनपासून उचलून कुलपात ठेवल्याशिवाय ही सवय सुटत नाही.

मोजमाप

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्यूइनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वाफ), म्हणजे घनमीटरमागे ३७५ मिलिग्रॅम, आणि अल्पकाळासाठी १५० पीपीएम अशी दिली होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीजीआयएचने, टोल्यूइनसाठी सुचवलेली मर्यादा २० पीपीएम आहे. आपला अहवाल १०० च्या आत आला म्हणून निश्चिंत होण्याऐवजी २० हे लक्ष्य ठेवावे. या सर्व मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी आणि नंतरच्या विश्रांतीसाठी आहेत. बारा तासांची पाळी किंवा सलग ओव्हरटाइम चालत असेल, तर तीच संख्या लागू करणे चूक आहे. नमुना घेणारे यंत्र कामगाराच्या कॉलरला लावलेले असावे. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राचा अहवाल नेहमीच गोड येतो.

लघवीच्या तपासणीतून शरीरात प्रत्यक्ष किती गेले याचा अंदाज येतो. टोल्यूइनसाठी ऑर्थो-क्रेसॉल, झायलीनसाठी मेथिलहिप्युरिक आम्ल, स्टायरीनसाठी मँडेलिक आम्ल आणि हेक्झेनसाठी २,५-हेक्झेनडायोन पाहतात. टोल्यूइनसाठी पूर्वी हिप्युरिक आम्ल पाहत असत, पण सोडियम बेंझोएट घातलेल्या शीतपेयांनी व बाटलीबंद लोणच्यांनीही ते वाढते. नमुना पाळी संपताना घ्यावा. वार्षिक तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्यातून या बाबतीत फारसे कळत नाही.

माणसांची विचारपूस आणि डॉक्टरांकडे जाणे

दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला खासगीत, कामावरून काढले जाण्याची भीती न घालता, काही प्रश्न विचारावेत. पाळीच्या शेवटी डोके दुखते का, चक्कर येते का. सुट्टीच्या दिवशी ते थांबते का. पायाच्या बोटांना मुंग्या येतात का. गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात का. घरचे लोक चिडचिडीबद्दल बोलतात का. थोड्याशा दारूने पूर्वीपेक्षा जास्त चढते का. यांपैकी सुट्टीचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. आपल्याकडे पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी डोके ठणकते, गुरुवारी दुपारपर्यंत मोकळे होते आणि शुक्रवारी पुन्हा तेच सुरू होते, असा ठसा दिसला तर कारण कामाच्या जागीच शोधावे. हेक्झेनच्या बधिरपणात हा चढउतार दिसत नाही, त्यामुळे पायांचा प्रश्न वेगळा विचारणे आवश्यक आहे.

मुंग्या आणि बधिरपणा मधुमेहाने, बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने व दारूनेही होतो, आणि शाकाहारी माणसांत बी-१२ कमी आढळणे आपल्याकडे नित्याचे आहे. म्हणून एचबीए१सी (मधुमेहाची रक्ततपासणी), बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्या कराव्यातच. पण बी-१२ कमी निघाले म्हणून थिनरची चौकशी तिथेच थांबवू नये, दोन्ही कारणे एकाच माणसात असू शकतात. नसांची इजा नर्व्ह कंडक्शन स्टडीने, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो हे पाहणाऱ्या तपासणीने, कळते. ससून रुग्णालयात किंवा कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांनी चिंचवडच्या मोहननगर येथील अथवा बिबवेवाडी येथील ईएसआयसी रुग्णालयात जाताना द्रावकाचे माहितीपत्रक, रोज कोणते काम किती वेळ करतो याची एक पानी नोंद आणि तक्रारी कधी सुरू झाल्या त्याच्या तारखा सोबत न्याव्यात. ‘कंपनीत काम करतो’ एवढेच केसपेपरवर लिहिले गेले, तर गर्दीच्या ओपीडीत पुढचा प्रश्न कोणी विचारेल अशी अपेक्षा करू नये.

हेक्झेनमुळे नसा बाधल्याचा संशय येताच त्या कामापासून माणसाला दूर करावे, आणि त्याला व घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की संपर्क थांबल्यानंतरही काही आठवडे ते काही महिने अशक्तपणा वाढू शकतो. हे सांगितले नाही, तर ‘काम सोडले तरी बरे वाटत नाही, म्हणजे थिनरचा संबंध नव्हता’ असा निष्कर्ष काढला जातो आणि माणूस परत त्याच टेबलावर बसतो. सुधारणा त्यानंतर सुरू होते. सौम्य इजा सहसा भरून येते, गंभीर इजेत वर्ष-दोन वर्षे लागतात आणि काही अशक्तपणा राहूनही जातो.

टाकी, खड्डा किंवा बंद खोलीत द्रावकामुळे कोणी बेशुद्ध पडले, तर बाहेरून हवा पुरवणाऱ्या उपकरणाशिवाय आत उतरू नये. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही तसाच पडतो. आधी १०८ ला फोन करावा, वीज आणि ज्वाळा बंद कराव्यात आणि बाहेरून ताजी हवा आत सोडावी.

बेंझिन व त्याच्या सजातीय संयुगांची विषबाधा तसेच कार्बन डायसल्फाइडची विषबाधा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या आजारांत धरली होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेलाही अशा आजारांची अनुसूची जोडलेली आहे. राज्यात हा विषय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. कर्मचारी राज्य विमा योजनेतून व्यवसायजन्य आजाराचा लाभ मागताना कोणत्या काळात कोणत्या रसायनाशी संपर्क होता हे दाखवावे लागते, म्हणून कामगाराने आपल्या कामाच्या नोंदीची, तपासणी अहवालांची आणि त्या वेळच्या माहितीपत्रकाची प्रत नोकरी सोडतानाही स्वतःजवळ ठेवावी. कंत्राटी कामगाराने हजेरीची पावती आणि ठेकेदाराने दिलेले ओळखपत्रही त्याच पिशवीत ठेवावे, कारण तो त्या पेंट शॉपमध्ये होता याचा दुसरा कागद पुष्कळदा मिळत नाही.